लक्ष्मीबाई टिळकांचे न संपलेले शिक्षण

नाशिकहून पश्चिमेकडे निघणाऱ्या गंगापूर रोडला गेल्या काही दशकांत शिक्षणाच्या पेठेचे रूप आले आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाची महाविद्यालये, त्यांच्या आधाराने वाढलेली वसतिगृहे, शिकवणी वर्ग, खानावळी, झेरॉक्सची दुकाने असा तो सारा व्यवहार आहे. या रस्त्यावर येणारा विद्यार्थी मनाशी एक मुदत बांधून येतो. ती तीन वर्षांची असेल, पाच वर्षांची असेल. ती संपली, पदवी हाती आली की शिक्षण आटोपले अशी त्याची, आणि त्याहूनही अधिक त्याच्या पालकांची, समजूत असते. हाच रस्ता पुढे गोवर्धनपर्यंत गेला म्हणजे १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते. शिकण्याचे वय टळून गेलेल्या माणसांसाठी ते मुख्यतः काढलेले आहे. या वाटेच्या परिसरातच, गोदावरीच्या काठी, जलालपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १ जून १८६८ रोजी गोखले यांच्या घरी मनकर्णिका नावाची मुलगी जन्माला आली. तिने शाळेचे तोंड कधी पाहिले नाही. मराठी वाचक तिला लक्ष्मीबाई टिळक या नावाने ओळखतो.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठीत सर्वांना ठाऊक आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून त्यातील उतारे अनेक पिढ्यांनी वाचले. परंतु आपण त्या पुस्तकाचे कौतुक बहुधा एकाच अंगाने केले. त्यातील विनोद, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, संसारातील फजिती, भाषेचा घरगुती गोडवा यांवर आपण लुब्ध झालो, आणि ही एका ख्रिस्ती स्त्रीच्या धर्मजीवनाची हकीकत आहे ही गोष्ट सोयीस्करपणे मागे सारली. ख्रिस्ती वाचकांकडूनही एक निराळी चूक होत आली. त्यांनी १९०० साली झालेल्या बाप्तिस्म्याला कथेचा शेवट मानले. वस्तुतः त्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई छत्तीस वर्षे जगल्या, आणि ती सारी वर्षे शिकण्यात गेली.

त्यांच्या बालपणाचा पाया मात्र भयाचा होता. आजोळच्या घरातील कर्त्या पुरुषाला १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फासावर दिले. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की, सोवळेओवळे हेच त्यांचे सर्वस्व होऊन बसले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे; मिठासारखे पाण्यात विरघळणारे जिन्नसही यातून सुटत नसत. घरातील बायकामुलांना या धुण्यापुसण्याचा किती जाच झाला असेल याची कल्पना करता येते. स्पर्शाने माणूस बाटतो आणि पाण्याने शुद्ध होतो, हा या मुलीला मिळालेला पहिला धडा होता. पुढील आयुष्यात त्यांनी जे जे मिळविले ते आधी हा धडा विसरून मिळवावे लागले. शिकण्याच्या या बाजूकडे शिक्षणशास्त्राचे लक्ष कमी जाते. नवे ज्ञान रिकाम्या जागी येऊन बसत नाही. तेथे आधीपासून बसलेले कोणीतरी उठवावे लागते.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक बुद्धिमान, कवी, संस्कृतज्ञ, अत्यंत उदार आणि तितकेच रागीट. एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नोकरी धरावी, सोडावी, न सांगता कोठे तरी निघून जावे, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या अडचणीपायी देऊन मोकळे व्हावे, असा तो संसार. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ज्याला अंदाजपत्रक म्हणतात, ते या घरात कधीही जमले नाही. शिल्लक टाकण्याचा भार लक्ष्मीबाईंवर आणि खर्चाचा अधिकार टिळकांकडे, अशी ती विषम वाटणी होती. पत्नीने लिहावे-वाचावे ही टिळकांची इच्छा होती आणि अक्षरओळख त्यांनीच करून दिली. पण ते शिकवणेही त्यांच्या स्वभावासारखेच होते. उत्साहाच्या भरात सुरू व्हावे, चिडचिडीत थांबावे, पुन्हा केव्हातरी सुरू व्हावे. लक्ष्मीबाईंचे शिक्षण असे तुकड्यातुकड्यांनी, चूल आणि पाळणा सांभाळून झाले.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचावयास दिला. दोन वर्षांच्या वाचनानंतर आणि मनःस्तापानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या घटनेने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला, अशी स्थिती त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबातील स्त्रीला वैधव्याहूनही चमत्कारिक होती. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातील बराच काळ पंढरपुरास गेला.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. लक्ष्मीबाई पतीच्या पाठोपाठ ख्रिस्ती झाल्या असे सर्रास म्हटले जाते. पतिव्रता धर्माच्या चौकटीत ते बसतेही. पण दोन बाप्तिस्म्यांच्या मध्ये पाच वर्षांचे अंतर आहे, आणि ही पाच वर्षे नुसत्या प्रतीक्षेची नव्हती. पतीच्या ओढीने त्या अखेर अहमदनगरला आल्या, पण आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही, आणि त्यांनीही टिळकांसाठी म्हणून काही मानले नाही. एकाच गावात, पुढे एकाच घरात, दोन धर्म आणि दोन चुली नांदल्या. या काळात त्यांनी एक प्रश्न स्वतःपुढे मांडला, आणि त्याचे उत्तर कोणा मिशनऱ्याला न विचारता शोधले. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा तो प्रश्न. विचारांती त्या या निर्णयास आल्या की, ही माणसाची करणी आहे. आणि हे एकदा पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. श्रद्धा पुढे आली, पण जलालपूरचा तो पहिला धडा त्यापूर्वीच खोडला गेला होता.

याचे मोल समजण्यासाठी त्या वेळची अहमदनगरची ख्रिस्ती मंडळी कशी होती हे ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकन मराठी मिशनने तेथे १८३१ पासून काम चालविले होते. सिंथिया फेरार यांच्यासारख्या स्त्रियांनी तेथे मुलींच्या शाळा चालविल्या होत्या. मंडळीतील मोठा भाग अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या कुटुंबांचा होता. उच्चवर्णीय धर्मांतरिताला ख्रिस्ताची शिकवण मान्य होणे एक वेळ सोपे. पण रविवारी उपासनेला त्या कुटुंबांच्या शेजारी बसणे, प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचा आणि एकाच प्याल्याचा वाटा घेणे ही खरी परीक्षा होती. मीठ धुऊन घेणाऱ्या घरातील मुलगी या परीक्षेस बसली. आणि हेही सांगितले पाहिजे की, त्याच मंडळीत अक्षर शिकलेल्या, मुलांना शिकविणाऱ्या, खेडोपाडी सुवार्ता सांगत हिंडणाऱ्या कितीतरी स्त्रियांची हकीकत लिहिलीच गेली नाही. लक्ष्मीबाईंना कवी नवरा आणि लिहिता मुलगा लाभला. त्या स्त्रियांना ते भाग्य नव्हते.

बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या हाताला जे काम लागले, त्यातून त्यांची ख्रिस्ती समजूत घडत गेली. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा टिळक पतिपत्नींनी रोग्यांची सेवा पत्करली. ज्या रोगाच्या नावाने सख्खी माणसे घर सोडून पळत, त्या रोग्यांच्या उशाशी त्या बसल्या. घरात परक्या मुलांचा राबता कायमचा होता. त्यांना रांधून घालणे, न्हाऊमाखू घालणे, दुखण्याखुपण्यात जागणे हे ओघानेच त्यांच्याकडे आले. त्या घरी येऊन राहिलेल्यांत बालकवी ठोमरेही होते. त्या कोवळ्या कवीला लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली, आणि १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात त्याचा अंत झाला तेव्हा त्या घरातीलच एक माणूस गेले. कवितेचा संस्कारही त्यांना याच घरात झाला. टिळक स्तोत्रे रचीत, तरुण कवी वाचून दाखवीत, वाद होत. आणि हे सर्व ऐकता ऐकता, हातचे काम न टाकता, लक्ष्मीबाई स्वतः रचू लागल्या. त्यांची ‘करंज्यातील मोदक’ ही कविता वाचकांना आवडली.

धर्मांतराने त्यांचा स्वभाव पालटला असे मात्र कोणी समजू नये. टिळकांचा राग गेला नाही आणि लक्ष्मीबाईंचा हजरजबाबीपणाही गेला नाही. भांडणे होत राहिली, पैशाची ओढाताण होत राहिली. बाप्तिस्म्याच्या पाण्याने माणूस एका दिवसात नवा होतो अशी भाबडी कल्पना ज्यांची असेल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’चे उत्तरार्धातील भाग वाचावेत. तेथे साक्षात्काराचे वर्णन जवळजवळ नाहीच. आहे ते रोजच्या वागण्यात एकेक आडमुठेपणा सोडत जाण्याचे, दुसऱ्याचे दुःख आपल्या हिशेबात धरावयास शिकण्याचे, आणि स्वतःच्या चुकांकडे हसून पाहण्याचे वर्णन. आपल्या संतपरंपरेत ज्याला साधना म्हणतात ती याहून फार निराळी नसावी. टिळकांनी तर तुकारामाच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानले होते. लक्ष्मीबाईंचा मार्ग स्वयंपाकघरातून आला एवढाच फरक.

‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद जोसेफिन इंक्स्टर यांनी केला, तो १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाला. नवऱ्याच्या मागोमाग जाणारी बायको असा त्याचा अर्थ कोणीही चटकन लावील. पण हेच शब्द पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात आढळतात. तुरुंगातून लिहिलेल्या त्या पत्रात वार्धक्याकडे झुकलेला, मंडळ्या स्थापन केलेला पौल असे सांगतो की, आपण अद्याप पूर्णत्वास पोहोचलेलो नाही, मागचे विसरून पुढच्याकडे धाव घेणे एवढेच आपण करीत आहोत. ख्रिस्ती परंपरेत आत्मिक वाढीचा विचार जेथे जेथे झाला, तेथे तेथे हा उतारा आधाराला घेतला गेला आहे. शीर्षकाचा हा दुसरा अर्थ लक्ष्मीबाईंना अधिक शोभतो.

त्याची साक्ष टिळकांच्या मृत्यूनंतरच्या सतरा वर्षांत मिळते. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. त्या काळी पन्नाशीतील विधवेने माळ ओढावी, नातवंडे सांभाळावी, याहून तिच्याकडून कोणाची अपेक्षा नसे. त्यांच्या लेखणीला खरा बहर आला तो याच काळात. टिळकांचे चरित्र लिहावे या हेतूने मुलगा देवदत्त याने आईला आठवणी लिहून काढण्याचा आग्रह केला. चरित्राचे साधन म्हणून जे सुरू झाले ते पाहता पाहता स्वतंत्र पुस्तक झाले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी साहित्याला आपल्यात किती मोठी लेखिका वावरत होती याचा पत्ता लागला. त्यापूर्वी १९३३ साली नागपूरच्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. शाळेत न गेलेल्या स्त्रीपुढे पदवीधर कवी श्रोते म्हणून बसले.

आधुनिक अर्थशास्त्राला हे प्रकरण अडचणीचे वाटावे असे आहे. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक होय असा विचार ठामपणे मांडला आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मधील ग्रंथात त्याला शास्त्रीय बैठक दिली. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या विचारामुळे गरीब देशांतील सरकारांचे शाळांकडे लक्ष वळले हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्या हिशेबात एक कलम असे आहे की, शिक्षणावरील गुंतवणूक जितकी तरुण वयात तितकी फायद्याची. कारण तिचे फळ खाण्यास पुढे वर्षे पुष्कळ उरतात. साठीतील माणसाने नवे शिकणे या गणितात तोट्याचेच ठरते. गंगापूर रोडवरील पालक शुल्ट्झ-बेकर न वाचताही हाच हिशेब करतात. १९७२ साली एदगार फोर यांच्या अध्यक्षतेखालील युनेस्कोच्या आयोगाने शिक्षण हे आयुष्यभर चालणारे असले पाहिजे असा अहवाल दिला, त्याचे जगभर स्वागत झाले. पण पुढे ‘आजीवन शिक्षण’ या शब्दाचा अर्थही हळूहळू नोकरी टिकविण्यासाठी नवे कौशल्य मिळविणे एवढाच उरला. लक्ष्मीबाई ज्या कारणासाठी शिकत होत्या ते कारण या दोन्ही हिशेबांच्या बाहेरचे आहे. आपण अजून पुरे झालेलो नाही, ही त्यांची धारणा होती, आणि ती त्यांच्या धर्मातून आली होती.

त्यांच्याच काळातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा हस्तगत करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते तडीस नेले. रमाबाईंची विद्वत्ता लक्ष्मीबाईंकडे नव्हती. म्हणून तर त्यांनी अंगावर घेतलेले शेवटचे काम अधिक आश्चर्यकारक वाटते.

टिळकांनी १९०९ च्या सुमारास ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प करून ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यास आरंभ केला होता. दहा-अकरा अध्यायांच्या आसपास ते थांबले आणि टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिले. ते पुरे करण्याचे लक्ष्मीबाईंनी ठरविले. टिळकांच्या रचनेवर संस्कृत काव्याचा संस्कार होता. लक्ष्मीबाईंपाशी होती ती त्यांच्या पिढीच्या बायकांनी जात्यावर ऐकलेली आणि म्हटलेली ओवी. त्या ओवीत शुभवर्तमानातील एकेक प्रसंग बसविण्यासाठी तो पुन्हा वाचावा लागे, त्याचा अर्थ लावावा लागे, नासरेथ आणि यरुशलेम जलालपूरच्या आणि पंढरपूरच्या बाईला कळेल अशा शब्दांत मांडावे लागे. बाप्तिस्म्याच्या वेळी जे एकदा स्वीकारले होते ते त्यांनी अशा रीतीने ओळीओळीने पुन्हा शिकून घेतले. एक नव्हे, दोन नव्हे, चौसष्ट अध्याय त्यांनी रचले. अक्षरे तुकड्यातुकड्यांनी शिकलेल्या हाताने, वयाच्या साठीच्या अलीकडे-पलीकडे, प्रकृती खालावत असताना हे काम झाले. त्यातील सर्वच ओव्या काव्य म्हणून सरस आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल. टीकाकारांनी ‘ख्रिस्तायना’पेक्षा ‘स्मृतिचित्रे’ श्रेष्ठ मानली यात नवल नाही. पण लक्ष्मीबाईंच्या धर्मजीवनाचा शोध घेणाऱ्याला हा ग्रंथ टाळून चालणार नाही.

त्यांचे अखेरचे दिवस नाशिकमध्ये गेले. तेथेच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही; ‘ख्रिस्तायना’चाही अखेरचा अध्याय राहून गेला. दोन्ही कामे देवदत्तांनी पुरी केली आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडले. पित्याने आरंभलेल्या, आईने चौसष्ट अध्यायांनी वाढविलेल्या त्या ग्रंथात मुलाचा एक अध्याय शेवटी जोडलेला आहे.